हौसाचे अठ्ठेचाळीस हजार

रोह्याच्या कॉलेजात मी पस्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. पैसा म्हणजे काय, तो वाढतो कसा, वाढला की भाव का चढतात, हे दरवर्षी पावसाळ्यात सांगायचं आणि मार्चमध्ये त्यावर प्रश्न काढायचे. फळ्यावर तेच आकडे, फक्त दरवर्षी थोडे मोठे. इतक्या वर्षांत माझ्या शब्दावर विसंबून पैशाचा खराखुरा व्यवहार करणारं माणूस एकच निघालं, आणि तिला अंगठ्याशिवाय सही येत नव्हती. तिचं नाव हौसा. आता मी निवृत्त आहे, बोलायचाही कंटाळा येतो, पण तिचं सांगून टाकतो.

हौसा धरमतरच्या खाडीकाठची. माहेर आणि सासर दोन्हीकडे मिठागराचं काम. आमचं घर वरशाला, रोह्याला लागून. आमची भातशेती होती. चैत्र लागला की खाडीकाठच्या मिठाच्या गाड्या वडखळ, नागोठणं करत तिसऱ्या दिवशी आमच्याकडे पोचत. छपन्न साली अशाच एका गाडीबरोबर हौसा पहिल्यांदा आली. नवरा जनू बैल धरून पुढे आणि ही अठरा वर्षांची, नवीन लग्न झालेली, गाडीमागून चालत. माझी आई, विमलबाई, तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिनं हौसाला ओटीवर बसवून पाणी दिलं. तिथून त्या दोघींचं जमलं ते आई जाईपर्यंत.

व्यवहार सरळ होता. दोन पायल्या मीठ द्यायचं, एक पायली भात घ्यायचं. आमच्याकडे मीठ पिकत नव्हतं, त्यांच्याकडे भात पुरत नव्हतं. पैशाचं नाव दोन्हीकडे कमी. पावसाळ्याची बेगमी म्हणून आई दहा-बारा पायल्या मीठ घेऊन रांजणात भरायची आणि हौसाची गाडी परतताना भाताची पोती नेत असे.

दुसऱ्या वर्षी नवे पैसे आले. ती हकीकत आई शेवटपर्यंत सांगायची. आळीतल्या दोघी-चौघींनी त्या चैत्रात भाताऐवजी रोख देऊन मीठ घेतलं होतं. हौसा हातात नाणी घेऊन आईकडे आली आणि ओटीवर टेकली.

"बाय, एका आन्याचे नवे पैसे किती गो?"

"सहा," आई म्हणाली.

"आनि चार आन्याचे?"

"पंचवीस."

हौसानं चार बोटं मोजली. "मंग एकेक आना करून चार डाव मीठ दिलं तर माज्या हातात चोवीस येतात. एक पैसा गेला कुठं?"

"सरकारनंच तसं ठरवलंय गो."

"सरकारला मी मीठ इकत नाय. तुमाला इकते."

त्या खेपेला हौसानं वरशात रोकड घेणं बंद केलं, आणि पुढची सात-आठ वर्षं ती आमच्या गावात भातच मागत राहिली. मग सरकारी लेव्ही आली. घरचं भात मोजून द्यावं लागायला लागलं, तेव्हा आईच म्हणाली, "औंदा पैसं घे गो हौसा, भात उरत नाय." हौसानं पैसे घेतले. पुढे तिनं कधी भात मागितलं नाही आणि आईनं कधी दिलं नाही.

मी त्र्याहत्तर साली नोकरीला लागलो. पुढच्या वर्षीची महागाई ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. रॉकेलसाठी रांग, तांदळासाठी रांग. तिकडे अरबांनी तेलाचे भाव चढवले आणि इकडे रोह्याच्या बाजारात गोडेतेल मिळेना. त्या चैत्रात हौसा मिठाच्या ट्रकवर बसून आली. बैलगाडी केव्हाच मोडली होती. मी ओटीवर उद्याच्या तासाची टिपणं काढत होतो.

"पोपट, तू आता मास्तर झालास," ती म्हणाली. "तर मना एक सांग. दोन वर्सांमागं आगरात मना दिसाला अडीच रुपये पडत. आता चार पडतात. आनि तांदूल घेयाला गेले का तेवढाच येतो, कधी त्याच्यावून कमी. हे कसं?"

मला आनंद झाला. नुकताच शिकून आलो होतो. मी तिला समजावलं की देशात पैसा वाढतो, माल तेवढ्या वेगानं वाढत नाही, म्हणून भाव चढतात. समज, गावात दहा पायल्या तांदूळ आहे आणि सगळ्यांच्या कनवटीला मिळून दहा रुपये आहेत. उद्या वीस रुपये झाले तर तांदूळ काही वीस पायल्या होत नाही.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते समजलं. पन ते वरचे दहा रुपये पैल्यांदा कोनाच्या कनवटीला आले?"

मी म्हटलं, सरकार खर्च करतं, बँका कर्जं देतात, तिथून ते सगळीकडे पसरतात.

"पसरत पसरत आमच्याकडं येतात तवा भाव आदीच चढलेला असतो," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. आज वारा पडलाय म्हणावं तसं ती बोलली आणि मीठ मोजायला उठली. पुढे पाठ्यपुस्तकात मला हीच गोष्ट एका पानभर परिच्छेदात सापडली. मी ती मुलांना शिकवायचो, पण परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नसे, म्हणून मुलं ती सोडून देत.

मग पिशवीतलं आयोडीनचं मीठ आलं. पांढरंशुभ्र, बारीक, हवेनं ओलं न होणारं. आईनंही ते घ्यायला सुरुवात केली. खडेमीठ लोणच्यापुरतं आणि गुरांपुरतं राहिलं. हौसाच्या खेपा कमी होत गेल्या. शहाऐंशी साली जनू गेला. पाण्यात आणि मिठात उभं राहून त्याचे पाय शेवटी इतके चिरले होते की त्याला पायात काही घालता येत नव्हतं. त्यानंतर हौसा मीठ घेऊन आली नाही. आईला भेटायला म्हणून वर्षातून एकदा यायची, नुसती, एका हातात सुक्या मासळीची पुडी घेऊन.

जनूच्या मागे तिच्या नावावर दीड एकर खारजमीन राहिली. मिठागर दुसऱ्याचं होतं, पण ही जमीन त्यांची स्वतःची. खाडीच्या बांधाच्या आत एक पीक भात यायचं. एकोणनव्वदच्या पावसात बांध फुटला आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं. गावकऱ्यांनी अर्ज केले. माणसं आली, बांध पाहून गेली. तीन वर्षं शेतात खारं पाणी उभं राहिलं. आधी भात गेलं, मग बांधावरचं गवत गेलं, मग खारफुटीची तिवरं उगवायला लागली.

ब्याण्णवच्या जानेवारीत हौसा माझ्याकडे आली. सोबत मुलगा शिवा होता, चोवीस-पंचवीसचा. वडखळ नाक्याजवळ लोखंडी पत्र्याचं काम करणारा एक लहान कारखाना होता, तिथं तो शिफ्टमध्ये जायला लागला होता. हौसानं पिशवीतून सातबारा काढून माझ्यापुढे ठेवला.

"गिऱ्हाईक आलंय," ती म्हणाली. "एकरी बत्तीस हजार देतो म्हनतो. दीड एकराचे अठ्ठेचालीस. मी काय करू?"

शिवा मधेच बोलला. "मास्तर, मी हिला सांगतोय का थांब. बांध आज ना उद्या व्हईल."

"तीन वर्सं थांबले," हौसा म्हणाली. "पोपट सांगंल ते करू."

मी पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. तो हिशोब मला आजही पाठ आहे. अठ्ठेचाळीस हजार बँकेत, शेकडा बारा व्याज. महिन्याचे चारशे ऐंशी रुपये घरबसल्या. जमिनीतून येतंय काय, तर शून्य. शून्य आणि चारशे ऐंशी. मी शिवाला ते दाखवलं. त्यानं आकडे वाचून पाकीट परत माझ्याकडे सरकवलं. त्याला ते पटलं नव्हतं.

"वीक," मी म्हणालो. "पेणच्या बँकेत ठेव, मी येतो बरोबर."

तिनं विकली. मी पेणला गेलो, तिच्या अंगठ्याशेजारी साक्षीदार म्हणून सही केली, दरमहा व्याज मिळेल अशा ठेवीत पैसे ठेवले. बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. मला फार बरं वाटत होतं. वाटलं, आपल्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग झाला.

त्या वेळी चारशे ऐंशी रुपयांत सत्तर किलोच्या आसपास तांदूळ येत होता. हौसा मिठागरात कामाला जातच होती. तिचं चांगलं चाललं. मग भाव वर सरकत गेले, दरवर्षी थोडे थोडे, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नयेत इतके. त्यानंतर बँकांचे व्याजदर उतरायला लागले. दोन हजार चार साली ती पेणला व्याज आणायला गेली तेव्हा खिडकीतून तिला महिन्याचे दोनशे वीस रुपये मिळाले. तिला वाटलं, कारकून चुकला. त्यात सतरा-अठरा किलो तांदूळ. मूळ ठेवलेले अठ्ठेचाळीस हजार मात्र होते तेवढेच होते. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही. ती मला भेटली तेव्हा म्हणाली, "पैसे तेवढेच हायेत रे पोपट. मीच कायतरी जास्ती खाते वाटतं."

मी काहीतरी बोललो, व्याजदर पुन्हा चढतील वगैरे. घरी येऊन तो हिशोब नव्या व्याजदरानं पुन्हा मांडून पाहिला.

दोन वर्षांनी धरमतरच्या बाजूला गाड्या फिरायला लागल्या. कुठली तरी मोठी कंपनी येणार, बंदर वाढणार, रस्ता होणार, अशी बोलवा होती. दलाल सातबारे गोळा करत फिरत होते. चिखल, तिवरं, खारं पाणी, कुणालाच त्याचं काही नव्हतं. एकरी पंचवीस लाख भाव फुटला. हौसाची दीड एकर ज्यानं घेतली होती त्यानं ती विकली, पुढच्यानं आणखी पुढे विकली. शिवा त्या वेळी महिन्याला साडेचार हजार मिळवत होता. त्यानं आईशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त बोलायचं नाही. एका घरात, एका चुलीवर. त्याला काही सांगायचं असलं की तो बायकोला, चंद्रावतीला सांगायचा, आणि चंद्रावती सासूला. हौसा ताटाजवळ बसलेली असायची आणि तो चंद्रावतीला म्हणायचा, "तिला सांग, मीठ दे."

मला हे सगळं पुढे कळलं. त्याच सुमाराला माझ्या घरात वेगळंच घडलं. वरसे वाढत होतं. जिथं आमचं भात व्हायचं तिथं शेजारच्या शेतांत चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. माझा थोरला भाऊ हैबतराव एका बिल्डरशी बोलत होता. दोन हजार सातला आमची शेती गेली आणि माझ्या वाट्याला बासष्ट लाख रुपये आले. मी त्या शेतात कधी लावणीला उतरलो नव्हतो. पस्तीस वर्षं नोकरी करून मी जे मिळवलं, ते सगळं एकत्र केलं तरी त्याच्या जवळपास जात नव्हतं. हैबतरावानं पेढे वाटले. मी पासबुक पाहिलं आणि आत ठेवून दिलं.

मी निवृत्त झालो ते आठ सालच्या मे महिन्यात. शेवटच्या वर्षी शिकवण्यासाठी म्हणून काही आकडे काढले होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशातला सगळा पैसा, नोटा, नाणी, बँकांतल्या ठेवी धरून, दोन-सव्वादोन हजार कोटींच्या घरात होता. आता तो चाळीस लाख कोटींवर गेला होता. सतराशे पटींहून जास्त. जगात इतर देशांतही थोड्याफार फरकानं हेच झालं आहे. देशाचा मालही पुष्कळ वाढला, पण सतराशे पट नाही. खोटं कशाला बोलू, हौसाच्या नातवंडांनी हौसापेक्षा जास्त भात खाल्ला, शाळा पाहिली, डॉक्टर पाहिला. संपत्ती वाढली ती खरीच. पण ज्याच्या हातात जमीन राहिली त्याची एक वाट झाली आणि ज्याच्या हातात नोटा राहिल्या त्याची दुसरी. हौसाला मी पहिल्या वाटेवरून उचलून दुसऱ्या वाटेवर ठेवलं होतं.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी पाच लाखांचा चेक लिहिला आणि धरमतरला गेलो. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हौसा सत्तरीची. दारात बसून जाळीवर वाळत घातलेली मासळी उलटत होती. डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून तिनं मला ओळखलं.

"पोपट आला काय? बस. चंद्रावती, च्या ठेव गो."

मी चहा घेतला. शिवा आत होता. माझा आवाज ऐकून तो मागच्या दारानं बाहेर गेला. मी चेक काढला आणि तिला सांगितलं, हे पाच लाख आहेत, तुझ्यासाठी.

"कशाचे?"

"आमची शेती विकली. बासष्ट लाख आले माझे."

तिनं आणखी दोन मासे उलटले. मग म्हणाली, "तुज्या जिमिनीचे पैसे मना कशाला?"

"मी तुला वीक म्हणून सांगितलं. मावशी, तो हिशोब माझा चुकला."

"अंगठा माजा व्हता," ती म्हणाली. "चेक ठेव खिशात. मना दुसरं ईचारायचंय. इतकी वर्सं ईचारलं नाय. आज ईचारते, राग नको धरू."

"विचार."

"ह्या पाड्यात सगली लोकं बोलतात का मास्तरानं दलाली घेतली. शिवा पन तेच बोलतो. मी व्हय पन नाय बोलले आनि नाय पन नाय बोलले. तू घेतलीस काय?"

मला हे ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं ही गोष्ट त्या घरात फिरत होती आणि आई असेपर्यंत ती दरवर्षी आमच्याकडे येऊन तिच्याजवळ बसत होती. माझ्या हातात अजून चहाचा कप होता. तो खाली ठेवला.

"नाही," मी म्हणालो. "पैसा घेतला नाही. पण त्या उन्हाळ्यात जमीन घेणाऱ्या माणसानं आमच्या घरी आंब्यांची पेटी पाठवली होती. ती आम्ही खाल्ली."

"केवढी?"

"दोन डझनांची."

तिनं मान हलवली. "पेटी घेतलीस हे बरं नाय केलंस."

"नाही केलं."

"मंग मना नीट सांग. कोनी चोरलं नाय, तू घेतलं नाय, बँकेनं एक रुपाया कमी दिला नाय, तरी माजी दीड एकर सतरा-अठरा किलो तांदलाची कशी झाली? सावकाश सांग. मना कुठं जायाचं नाय."

मी सांगितलं. वर्गात कधी इतकं नीट सांगितलं नव्हतं. बँक एकाची ठेव दुसऱ्याला कर्ज म्हणून देते आणि त्या कर्जातून नवा पैसा कसा तयार होतो, ते सांगितलं. असा पैसा जगभर दरवर्षी वाढतच असतो आणि तो आधी मोठ्या हातांत येतो, जमिनी घेतो, इमारती घेतो, म्हणून आधी जमिनी महाग होतात आणि मग तांदूळ. तू ठेवलेल्या नोटांची संख्या तेवढीच राहिली, पण त्यांच्याभोवतीच्या नोटा इतक्या वाढल्या की तुझ्या नोटांचं वजन गेलं. ती मधेमधे विचारत होती. कर्ज बुडालं तर? मी म्हटलं, तेच आत्ता अमेरिकेत झालंय, मोठमोठ्या बँका बसल्या. ती म्हणाली, टीव्हीवर अंधुक दिसलं, माणसं खोकी घेऊन घराबाहेर पडत व्हती. तिनं विचारलं, हे तुला ब्याण्णव साली म्हाईत व्हतं काय?

"पुस्तकात होतं," मी म्हणालो. "शिकवत होतो. तुझ्या कागदावर हिशोब करताना आठवलं नाही."

ऊन ओसरत आलं होतं. तिनं मासळीवर जाळी ओढली.

"बरं झालं," ती म्हणाली. "मना वाटायचं का मीच येडी, नायतर तू लबाड. दोनी नाय. आता माज्यासाठी एक कर. हे शिवाला सांग. चेक नको, हे सांग."

मी शिवाला शोधत गेलो. तो खाडीच्या कडेला मालवाहू बार्जेसच्या धक्क्याजवळ उभा होता. मी सगळं पुन्हा सांगितलं, पैसा, जमीन, माझी चूक, आंब्यांची पेटीसुद्धा. तो ऐकत होता, पण नजर पाण्यावर.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, "तुमी शिकलेले. तुमचं गनित कुठूनबी बरोबरच येनार. तवा इकायचं बरोबर व्हतं आनि आता न इकायचं बरोबर व्हतं. आमाला दोनी डाव ऐकून घ्यायचं."

"तुझ्या आईशी बोल, एवढंच."

"ते तुमी सांगू नका," तो म्हणाला.

मी परत फिरलो. काय झालं ते हौसाला सांगावं लागलं नाही. माझी पावलं ऐकूनच तिला कळलं असावं. तिनं मला एसटीची वेळ सांगितली आणि मी निघालो. चेक पुढे मी फाडला. चंद्रावतीच्या थोरल्या मुलीला पेणला नर्सिंगला घालायचं ठरलं तेव्हा तिची फी मी भरली. तेवढं हौसानं भरू दिलं, तेही चंद्रावतीनं समजूत घातली म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो, कारण तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. दारात शिवा बसलेला पाहून मला नवल वाटलं, दुपारची वेळ होती. त्यानं आत हाक मारली, "आये, मास्तर आलेत." मी हौसाकडे पाहिलं. हिरवी पट्टी डोळ्यावर, ती हसली नाही, पण पाय जवळ घेऊन मला जागा करून दिली.

शिवा पाणी आणायला गेला तसं तिनं हळू आवाजात सांगितलं. कारखाना फेब्रुवारीत बंद पडला होता. परदेशातून मागणी थांबली, पत्र्याचा भाव कोसळला, मालकानं टाळं लावलं. शिवा घरी बसला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोघं त्या एका खोलीत. चंद्रावती मासळी घेऊन बाजारात जायची, मुलं शाळेत.

"कामाला जानारा मानूस अबोला धरू शकतो," हौसा म्हणाली. "घरात बसलेल्याला जमत नाय. दोन आठवडे त्यानं जमवलं. मंग एक दिवस त्याला आगपेटी सापडंना. सांगायला घरात कोनी नव्हतं. बोलला, आये, आगपेटी कुठंय?"

"मग?"

"मंग काय. दिली."

माझ्या समजावण्याचा काही भाग त्यात होता की नाही, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. शिवाला पुढे बार्जवर माल उतरवण्याचं काम मिळालं, कारखान्याहून कमी पैशांत. हौसा त्यानंतर दोन पावसाळे होती. अठ्ठेचाळीस हजार शेवटपर्यंत पेणच्या बँकेत होते. ती गेल्यावर कागदपत्रांसाठी शिवानं मला बोलावलं, कारण ठेवीच्या अर्जावर साक्षीदार म्हणून माझी सही होती. आम्ही दोघं खिडकीपुढे रांगेत उभे राहिलो. पुढं बरीच माणसं होती. शिवानं माझ्यासाठी भिंतीकडेची खुर्ची मोकळी करून घेतली आणि स्वतः रांगेत उभा राहिला.